मुलांच्या फोनची राखण: पैसे किती, वेळ किती

इंदुरात बडा गणपतीजवळच्या दुकानातून घ्या, मल्हारगंजातून घ्या, नाहीतर थेट जेल रोडच्या बाजारातून. मुलासाठी फोन घेताना काच आणि कव्हरच्या जोडीला ‘पॅरेंटल कंट्रोल लावून देऊ का?’ असं कुणी विचारलं, तर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचे किती? उत्तर सरळ आहे. एक रुपयाही देऊ नका. अँड्रॉइडसाठी गूगलचं ‘फॅमिली लिंक’ २०१७ पासून आहे, आयफोनमधला ‘स्क्रीन टाइम’ २०१८ पासून. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही घरी बसून लावता येतात. पैशांपेक्षाही मोठं कारण म्हणजे ही सेटिंग करताना गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्याचा पासवर्ड टाकावा लागतो, आणि तो दुकानाच्या काउंटरवर सांगायची गोष्ट नव्हे.

खरा खर्च दुसरीकडे होतो. नवा फोन आला की बाबांचा जुना फोन मुलाकडे जातो, आणि त्यात बाबांचं गूगल खातं, जपून ठेवलेलं कार्ड, यूपीआयचं अ‍ॅप सगळं तसंच राहतं. अशा फोनवर मूल खेळतं तेव्हा प्ले स्टोअरच्या लेखी ते मूल नसतंच, चाळिशीतला गृहस्थ असतो. म्हणून जुना फोन देण्याआधी आपले फोटो काढून घ्या, फॅक्टरी रीसेट करा आणि मुलाच्या नावाचं, खऱ्या जन्मतारखेचं खातं उघडा. भारतात १३ वर्षांखालच्या मुलाचं गूगल खातं पालकांनाच उघडावं लागतं आणि ते फॅमिली लिंकच्या देखरेखीखालीच चालतं. १३ च्या पुढच्या मुलालाही देखरेखीत घेता येतं, पण त्याची संमती लागते. जन्मतारीख खोटी टाकली, तर पुढचं सगळं कुंपण पहिल्याच दिवशी कोसळतं.

सिमचंही तसंच. १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणजे ते तुमच्याच नावावर असणार. पण बँकेला जोडलेला नंबर मात्र मुलाच्या फोनमध्ये ठेवू नका. त्या नंबरावर ओटीपी येतात.

आता फॅमिली लिंक. पालकांच्या फोनवर अ‍ॅप घ्यायचं, मुलाचं खातं जोडायचं. रोज किती वेळ, रात्री किती वाजता फोन बंद, कोणतं अ‍ॅप चालेल आणि कोणतं नाही, हे तिथून ठरतं. नवं अ‍ॅप घ्यायला मुलाने बटण दाबलं की परवानगीची विनंती तुमच्या फोनवर येते. क्रोममध्ये अश्लील साइट अडवण्याची सोयही आहे. शंभर टक्के अडतं असं नाही, पण पुष्कळ अडतं. मुलाचा फोन कुठे आहे तेही दिसतं. गणेशोत्सवात बडा गणपतीच्या दर्शनाला गर्दी असते, मुलं मित्रांबरोबर जातात. तेव्हा ही सोय कामाची ठरते. मात्र फोनमध्ये डेटा आणि चार्ज दोन्ही हवेत.

अपडेटला परवानगी लागत नाही

इथे बहुतेक पालकांचा गैरसमज होतो. अ‍ॅप पहिल्यांदा घेताना तुमची परवानगी लागते. त्याच अ‍ॅपचं अपडेट येतं तेव्हा लागत नाही, अपडेटमध्ये नवा मजकूर आला किंवा अ‍ॅपने जास्तीच्या परवानग्या मागितल्या तरीही. आयफोनच्या ‘आस्क टू बाय’चंही हेच: अपडेट आणि एकदा घेतलेलं अ‍ॅप पुन्हा उतरवणं, दोन्हीला विचारणा होत नाही. म्हणजे जानेवारीत तुम्ही साधा कोडी सोडवण्याचा गेम मंजूर केलात आणि जूनमध्ये त्यात अनोळखी खेळाडूंशी गप्पा मारायची सोय आली, तर तुम्हाला कुणी सांगणार नाही.

हे कळलं की काही पालक अपडेटच बंद करून टाकतात. तसं करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, आणि जुन्या हँडसेटला तर त्यांची जास्तच गरज असते. अपडेट चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा अर्धा तास काढा. फॅमिली लिंकमध्ये मुलाच्या अ‍ॅपांची यादी उघडा, एकेकाच्या परवानग्या पाहा. चित्रं रंगवायच्या अ‍ॅपला लोकेशन कशाला? गणिताच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट कशाला? कारण सापडलं नाही तर ती परवानगी काढून टाका. हे काम मुलाला शेजारी बसवून करा. दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं, आणि कुठल्या गेममध्ये गप्पांची सोय आली ते बहुतेक वेळा तोच सांगतो.

आता डेटाचा हिशेब. मोठ्या गेमचं एकेक अपडेट कित्येकदा शेकडो एमबीचं असतं. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल, तर दुपारी अपडेट उतरतं आणि संध्याकाळी शिकवणीचा व्हिडिओ अडतो. मग व्हाउचर टाकायचं. जुलै २०२४ च्या दरवाढीत १ जीबीचं व्हाउचर जिओचं १५ वरून १९ रुपये झालं, एअरटेलचं १९ वरून २२. रक्कम किरकोळ वाटते, पण आठवड्याला दोन व्हाउचर धरली तर वर्षाचे १९७६ ते २२८८ रुपये होतात. दर बदलत राहतात, तेव्हा रिचार्ज करताना आजचा भाव पाहून घ्या.

हे पैसे वाचवणारी सेटिंग अशी. मुलाच्या फोनवर प्ले स्टोअर उघडा, कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा, सेटिंग्जमध्ये नेटवर्क प्रेफरन्सेस, त्यात ऑटो-अपडेट अ‍ॅप्स, आणि तिथे ‘ओव्हर वाय-फाय ओन्ली’ निवडा. रात्री फोन चार्जिंगला लावून वाय-फायवर ठेवला की अपडेट आपसूक होतात. घरी वाय-फाय नसेल, तर झोपण्याआधी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्या. तुमच्या दिवसाच्या कोट्यातला उरलेला डेटा एरवी वायाच जातो. हॉटस्पॉटवर आपोआप सुरू झालं नाही, तर ‘अपडेट ऑल’ हाताने दाबा.

आणखी एक अडचण ३२ जीबीच्या फोनांत हमखास येते. जागा भरली की अपडेट अडून राहतात. व्हॉट्सअ‍ॅपचे आलेले व्हिडिओ साफ केले की बऱ्याचदा काम भागतं. त्यासाठी नवा फोन घेऊ नका.

पैसे देऊन घ्यायच्या गोष्टी

कस्टोडिओ, नॉर्टन फॅमिली, कॅस्परस्की सेफ किड्स अशी वार्षिक वर्गणीची अ‍ॅपं मिळतात. घरात एकाला आयफोन, दुसऱ्याला अँड्रॉइड, शिवाय विंडोजचा लॅपटॉप असेल, तर एकाच जागी सगळं दिसण्यासाठी विचार करा. एका मुलाचा एकच अँड्रॉइड फोन असेल तर गरज नाही. यूट्यूब प्रीमियम ऑगस्ट २०२४ पासून महिना १४९ रुपये आणि कुटुंबासाठी २९९ झालं. त्याने जाहिराती जातात, नको ते व्हिडिओ जात नाहीत. लहानांसाठी यूट्यूब किड्स फुकट आहे, तेच वापरा. घरी ब्रॉडबँड असेल तर राउटरमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ टाकून पाहा. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सेवा घातक आणि अश्लील साइट अडवते, पण फक्त घरच्या वाय-फायवर.

इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आली. रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात आणि १६ खालच्या मुलांना बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. तिथेही सगळं खऱ्या जन्मतारखेवरच चालतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. तरी अशा गेमची एपीके फाइल लिंकवरून आलीच, तर उतरवू देऊ नका. ‘अपडेट करा’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीकेही तशीच घातक. अपडेट घ्यायचं ते प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच.

खरेदीची खबरदारी सुरुवातीलाच घ्या. फॅमिली लिंकमध्ये खरेदीच्या मंजुरीसाठी ‘सगळं’ हा पर्याय ठेवा. मात्र ही मंजुरी गूगल प्लेच्या बिलिंगपुरतीच चालते, म्हणून मुलाच्या फोनमध्ये कार्ड आणि यूपीआय नकोच. तरी मुलाकडून चुकून खरेदी झाली, तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर परताव्याची विनंती करा. फसवणुकीने खात्यातून पैसे गेले असतील, तर वाट न पाहता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.