जीन टेस्ट करावी का? आधी घरच्यांना विचारा

नळीत लाळ भरून पाठवली की पुढे मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर यांतलं काय होणार ते कळतं म्हणे, मग करून घेऊ का, असं बरेच वाचक विचारतात. माणूस धडधाकट असेल आणि घरात तसा आजार नसेल, तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

मधुमेहाचंच घ्या. त्यात शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, वर वजन, झोप आणि बैठं काम. या जनुकांची बेरीज करून रिपोर्टवर जो धोक्याचा आकडा छापतात, त्यामागचं संशोधन बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेलं आहे. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पातली १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली झाली तीच २०२५ मध्ये. शिवाय ‘धोका जास्त’ आला तरी मी चालायला आणि साखर तपासायलाच सांगणार, ‘कमी’ आला तरी तेच. आईवडिलांना मधुमेह असेल तर एचबीएवनसी करा आणि कमरेचा घेर मोजा, पैसे वाचतील.

काही घरांत मात्र हीच चाचणी जीव वाचवते. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, कुणाला अंडाशयाचा झाला असेल, किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर ‘बीआरसीए’ जनुकांची चाचणी जरूर करावी. आत्याचा आजार सांगायला लोक हटकून विसरतात. पण या जनुकांतला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. दोष असलेल्या बाईला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या वर असते. अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये जाहीर केलेली शस्त्रक्रिया याच कारणाने झाली होती.

इथे क्रम महत्त्वाचा. जिला कॅन्सर झालाय तिची चाचणी आधी. तिच्यात दोष सापडला, की बाकीच्यांमध्ये नेमका तेवढाच शोधायचा. आधी निरोगी मुलीची केली आणि रिपोर्ट स्वच्छ आला, तर दोष तिच्यात उतरला नाही की चाचणीला सापडला नाही, हे सांगता येत नाही. घरपोच किटवर तर मुळीच विसंबू नका. अमेरिकेत २०१८ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’च्या किटला बीआरसीएमधले फक्त तीन बदल कळवायची परवानगी मिळाली, तेही मुख्यतः अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणारे. असे घातक बदल हजारांहून जास्त आहेत!

रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ दिसलं, तर त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही एवढंच समजा. त्यावरून ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

लग्न ठरतंय? थॅलेसेमिया मायनरची, आणि विदर्भ, नंदुरबारकडचे असाल तर सिकलसेलचीही तपासणी करा. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. यासाठी सहसा जीन टेस्ट लागत नाही, एचपीएलसी नावाची रक्ततपासणी पुरते.

येत्या रविवारी घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्या-मावशीला फोन करा. कुणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, हे दोन्हीकडच्या तीन पिढ्यांचं एका कागदावर लिहा. तो कागद आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. टेस्टचे पैसे त्यानंतर भरा.