मुंबईतील समाजकल्याण : सरकारी हुकूम आणि शेजारधर्म

परकीय राजवटीत समाजकल्याण हे शासनाचे नित्य कर्तव्य मानले जात नसे. संकट ओढवले की अधिकार हाती घ्यावयाचे आणि ते टळले की खर्च आवरावयाचा, असेच बहुधा धोरण असे. मुंबईचा इतिहास याची साक्ष देतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ च्या साथरोग अधिनियमाने सरकारला व्यापक अधिकार मिळाले. घरझडती व रुग्णांची सक्तीने रवानगी सुरू झाली. लोक रुग्ण लपवू लागले. मार्च १८९८ मध्ये दंगल उसळली. याच काळात निरनिराळ्या जमातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली. तेथे आपली माणसे व आपला आहार असल्याने भीती कमी झाली. मात्र ज्यांच्या जमातीपाशी पैसा नव्हता, त्यांना या व्यवस्थेत थारा नव्हता.

१८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करण्यात आले. पण विस्थापितांच्या मानाने नवी घरे अपुरी पडली व शेजारच्या वस्त्यांत गर्दी वाढली. १९२० मध्ये विकास खाते निर्माण झाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. भाडे व गैरसोयी यांमुळे त्यांतील अनेक खोल्या प्रारंभी रिकाम्याच राहिल्या. राहणाऱ्यांना काय हवे, हे कोणी विचारलेच नव्हते.

ही उणीव ना. म. जोशी यांनी ओळखली. १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने व सहकारी पतपेढ्या कामगार वस्त्यांत नेल्या. जमातीच्या कुंपणाबाहेरचा शेजारधर्म येथे संघटित झाला. पुढे चाळीचाळींतून मंडळे, व्यायामशाळा व गावकऱ्यांच्या सभा नांदू लागल्या आणि भिंतींना घरपण आले.

आज याच चाळींचा पुनर्विकास होत आहे. शासन निधी व कायद्याचे बळ देऊ शकते. विश्वास मात्र शेजाऱ्यांनाच निर्माण करावा लागतो. ज्याचे कोणी नाही त्याच्यापर्यंत पोहोचणे, हे दोघांचेही कर्तव्य होय.