तिन्ही सर्व्हर हिरवे, गाड्या मात्र गेटवर

मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीचे सर्व्हर मी सांभाळतो. संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे डिस्पॅचची धांदल. कास्टिंग भरलेल्या गाड्या वजनकाट्यावरून उतरतात, चलन आणि ई-वे बिल घेतात आणि निपाणीवरून कोल्हापूर-पुण्याकडे सुटतात. तीन सर्व्हरचं क्लस्टर, पुढे लोड बॅलन्सर. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी सांगितलं होतं, एकेक सर्व्हर बाजूला काढून अपडेट करू, काम थांबणार नाही. तसं ते थांबलं नाहीच. पहिला सर्व्हर झाला आणि काही वेळाने डिस्पॅचमधून फोन आला, "एका चलनावर वजन बरोबर हाय, दुसऱ्यावर शून्य यायलंय की वो!"

माझ्या पडद्यावर तिन्ही सर्व्हर हिरवे. नव्या आवृत्तीने वजनाचा जुना रकाना सोडून निव्वळ वजनासाठी वेगळा रकाना केला होता. काट्यावरची नोंद जुन्या सर्व्हरने घेतली की आकडा जुन्या रकान्यात जाई, आणि छपाई नव्या सर्व्हरकडे गेली की तो नव्या रकान्यात बघे. तिथे काहीच नसे. लोड बॅलन्सर पाळीपाळीने काम वाटणार, त्यामुळे तेच चलन पुन्हा छापलं की बरेचदा बरोबर येई. पोरं म्हणूनच निमूटपणे पुन्हा पुन्हा छापत बसली होती. शून्य वजनाचा कागद घेऊन एखादी गाडी कोगनोळी नाक्यापर्यंत गेली असती, तर पुढचं निस्तरायला रात्र पुरली नसती.

एकेक सर्व्हर अपडेट करायचा म्हटलं की आपलं सगळं लक्ष सर्व्हर बंद-चालू करण्याकडे असतं. खरा धोका आहे तो पहिला सर्व्हर झाल्यापासून शेवटचा होईपर्यंतच्या वेळात. तेवढा वेळ जुनी आणि नवी आवृत्ती एकाच डेटाबेसवर काम करत असतात. 'अपडेट चालतं का?' हा प्रश्न पुरवठादाराला सगळेच विचारतात. 'दोन्ही आवृत्त्या एकत्र चालतात का?' हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

यात मोठमोठेही फसले आहेत. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, आठवा राहून गेला. जुन्या, वापरात नसलेल्या कोडची खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली होती, त्यामुळे १ ऑगस्ट २०१२ रोजी आठव्या सर्व्हरवर तो मेलेला कोड जागा झाला आणि नको त्या ऑर्डरी सोडत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून जास्त तोटा झाला. उलट टोकही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल टप्प्याटप्प्याने न सोडता एकदमच सोडली गेली. सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. म्हणजे एकेक करून जाणं योग्यच, फक्त ती मधली वेळ सांभाळता आली पाहिजे.

ती सांभाळायची रीत अशी. आधी डेटाबेसमध्ये नवा रकाना फक्त जोडायचा, जुन्याला हात लावायचा नाही. मग दोन्ही रकान्यांत लिहिणारी, पण वाचताना जुनाच वाचणारी आवृत्ती सगळ्या सर्व्हरवर चढवायची आणि जुन्या नोंदी नव्या रकान्यात उतरवून घ्यायच्या. नव्यातून वाचणारी आवृत्ती त्यानंतर. एका रात्रीत उरकायचं काम चार टप्प्यांचं होतं, मालक कुरकुरतात. कुरकुरू द्यात.

सर्व्हर बाजूला काढताना आधी नवी कामं थांबवा, हातातली संपू द्या, मगच बंद करा. तो परत घेताना नुसतं पोर्ट उघडं आहे एवढं बघून हिरवा दिवा लावणारी तपासणी कामाची नाही. एक खोटं चलन काढून वजन येतं का, हे तपासणारी हवी. पहिला सर्व्हर झाल्यावर किमान एक पाळी थांबा. आणि डिस्पॅचला आधीच बजावून ठेवा, विचित्र दिसलं तर परत छापू नका, फोन करा.

आमच्या भागात विजेचंही बघावं लागतं. तीन सर्व्हरच्या डेटाबेस क्लस्टरला चालू राहायला दोघांचं बहुमत लागतं. एक तुम्हीच बाहेर काढलेला असताना दुसरा विजेने गेला, तर उरलेला एकटा धडधाकट असूनही लिहायचं थांबवतो, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे आधी यूपीएस आणि जनरेटर तपासा. मुख्य सर्व्हर शेवटी घ्या, आणि घेण्याआधी त्याची जबाबदारी स्वतःच्या हाताने दुसऱ्याकडे सोपवा. तो मध्येच पडून ती आपोआप जाण्याची वाट बघू नका.

राहिला जुना रकाना. सगळं नीट चाललंय म्हणून लोक तो दुसऱ्याच दिवशी पुसतात आणि मागे फिरायची वाट स्वतःच बंद करतात. महिनाअखेरचे अहवाल एकदा निघू द्या, हिशेबनीसांचे आकडे जुळू द्या, मग काढा.