'प्रत्येक' आणि 'असा एक'
रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एका कुटुंबाची धानाची शेती आहे, असे समजू. एकरी नेमके १० मापे पाणी हवे. पाऊस एकरी ४ ते ८ मापे देईल. तळ्यात ३० मापे साठा आहे. किती एकर पेरावे? सरासरी ६ धरल्यास ७ एकर ठीक दिसतात. पण पाऊस ४ पडला तर तळ्याची ४२ मापे लागतील व पीक करपेल.

म्हणून निर्बंध असा मांडावा : असे एक क्षेत्र निवडा, की प्रत्येक पावसासाठी तळ्यातून पुरवठा शक्य असेल. उत्तर, जास्तीत जास्त ५ एकर.

चलांचा क्रम येथे निर्णायक आहे. क्षेत्र पावसाआधी ठरते, तळ्याचे पाणी पावसानंतर. तेही आधीच ठरविल्यास ४ च्या पावसाला ३० व ८ च्या पावसाला १० मापे हवीत. दोहोंना चालेल अशी एकही संख्या नाही.