खाऱ्या पाण्याच्या टाकीतील शेवाळ

रायपूरला पाण्यावरील शेवाळ नवे नाही. बूढा तलाव असो वा तेलीबांधा, वस्तीचे सांडपाणी ज्या तळ्यात मिसळते तेथील पाणी हिरवे होणारच. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरात एखाद्याने घरी काचेच्या टाकीत सागरी मासे, खडक व प्रवाळ ठेवले, तरी तीच आपत्ती त्याच्या दिवाणखान्यात अवतरते. (भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; किनाऱ्यावरून ते उचलून आणणे हा गुन्हा होय.) केसाळ शेवाळ खडकांवर पसरते, प्रवाळांचा प्रकाश अडविते आणि अखेर त्यांना मारते.

शेवाळाचे खाद्य म्हणजे नायट्रेट व फॉस्फेट. माशांचे उरलेले अन्न व विष्ठा यांपासून ते उत्पन्न होते, हे सर्वश्रुत आहे. दुसरा मार्ग मात्र सहसा लक्षात येत नाही. मे महिन्यात रायपूरचा पारा 42 अंशांच्या आसपास असतो. टाकी निवविण्यासाठी पंखा लावावा, तर बाष्पीभवन अधिकच वाढते. समजा, 200 लिटरच्या टाकीतून रोज 3 लिटर पाणी उडाले व तितकेच नळाचे पाणी घातले. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. विरघळलेले पदार्थ मागेच राहतात. अवघ्या 67 दिवसांत टाकीभर नळाच्या पाण्यातील सारे फॉस्फेट आत साचते! म्हणून भरणीसाठी गाळून निःक्षार केलेलेच पाणी वापरावे.

येथे परीक्षेचे द्रावण फसविते. टाकी शेवाळाने भरलेली असूनही फॉस्फेट शून्य दिसते, कारण ते शेवाळानेच शोषून घेतलेले असते. अमेरिकन शास्त्रज्ञ रेडफील्ड यांनी सागरी प्लवकांत स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे सुमारे 16 अणू असतात असे दाखविले. यावरून अत्यल्प स्फुरदावर केवढे शेवाळ पोसले जाते याची कल्पना यावी. तथापि फॉस्फेट पूर्णतः काढून टाकणेही इष्ट नव्हे. प्रवाळांच्या देहात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही त्याची गरज असते.

शेवाळ हाताने उपटून टाकीबाहेर काढावे. त्याबरोबर शोषलेले खाद्यही बाहेर जाते. शेजारच्या कप्प्यात निरुपद्रवी शेवाळ वाढवून ते वेळोवेळी काढणे, हा त्याच तत्त्वाचा उपयोग होय. उरलेले काम गोगलगायी करतात. मात्र शेवाळ संपत आले की त्यांतील काही अन्यत्र हलवाव्यात. अन्यथा त्या उपासमारीने मरतात आणि त्यांच्या कुजण्याने तेच खाद्य पुन्हा पाण्यात उतरते.