व्हिजिटिंग कार्ड घरी ठेवून जा

जिथे जमलेल्या बहुतेकांचं ठाम मत आहे की आपल्याला गुंतवणूक सल्लागाराची गरज नाही, तिथे सल्लागाराने पदरमोड करून का जावं? अमेरिकेतल्या बोगलहेड्स परिषदेचा विषय काढला की आपल्या धंद्यातली माणसं हाच प्रश्न विचारतात. जायचं ते नेमकं याचसाठी. आपल्याला नको म्हणणारी माणसं इतकी अभ्यासू, इतकी मोकळी आणि एका जागी क्वचितच भेटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य गुंतवणूकदारासाठी पहिला इंडेक्स फंड आणला. १५ कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता, जमले १ कोटी १३ लाख. बाजाराने त्याला बोगलचा वेडेपणा म्हणून हिणवलं. खर्च कमी ठेवा, बाजार अख्खा विकत घ्या आणि हात लावू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. ते पटलेले ते बोगलहेड्स. त्यांतल्या विसेक लोकांची पहिली बैठक २००० साली मायामीत टेलर लॅरिमोर यांच्या घरी झाली. लॅरिमोर दुसऱ्या महायुद्धातले छत्रीधारी सैनिक. त्या बैठकीला बोगल स्वतः आले होते. पुढे तिची परिषद झाली. आता ती वेगवेगळ्या शहरांत भरते आणि बोगल यांच्या नावाची ना-नफा संस्था ती चालवते.

निघण्याआधी स्वतःचा हिशेब करा. दहा क्लायंट निवडा आणि प्रत्येक जण तुमच्यापायी वर्षाला किती पैसे मोजतो ते रुपयांत लिहा. टक्क्यांत लिहायचं नाही. टक्का हा आपल्या धंद्यातला बुरखा आहे. ५० लाखांवर एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, ५० हजार रुपये लिहिले की पेन अडखळतं. माझं पेन एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यामुळे अडखळलं. २०१६ पासून म्युच्युअल फंडांच्या सहामाही एकत्रित स्टेटमेंटमध्ये वितरकाला मिळालेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं. काकांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता. स्टेटमेंट माझ्यापुढे सरकवून ते एवढंच म्हणाले, "यात तुम्ही यंदा काय काय केलंत, ते सांगा बरं." मला दोन वाक्यांपुढे जाता आलं नाही.

त्याच कागदावर आणखी एक गणित मांडा. महिना १० हजारांची एसआयपी, वीस वर्षं. १२ टक्के परतावा धरला तर साधारण ९९ लाख ९० हजार होतात, ११ टक्के धरला तर ८७ लाख ४० हजार. एका टक्क्याची किंमत साडेबारा लाख. हा कागद सोबत न्या. तिथे ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला तो कसोटीसारखा लागतो.

नव्या फॉर्म्युल्याच्या आशेने जाऊ नका. मागच्या वर्षांची भाषणं यूट्यूबवर आहेत. त्यातली चार-पाच आधीच पाहून टाका. गुंतवणुकीबद्दल सांगण्यासारखं त्या मंडळींकडे थोडंच आहे आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. भाषणं घरबसल्या मिळतात, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा मिळत नाहीत.

तिथे पोचल्यावर कमी बोला. कार्ड खिशातून काढू नका. आपण सल्लागार आहोत हे विचारल्यावर सांगा, लपवू नका, पण लगेच समोरच्याला प्रश्न विचारा. सत्तरीच्या माणसाशेजारी बसा. तीस वर्षं स्वतःच्या हिमतीवर पैसे सांभाळणाऱ्याला फंड कोणता घेऊ हे विचारायचंच नसतं. त्याच्या चिंता वेगळ्या असतात. साठवायची सवय लागली, आता खर्च करायला हात धजत नाही. कुठल्या खात्यातून आधी काढू? आणि सगळ्यांत मोठी चिंता ही की घरात मी एकटाच हे बघतो, बायकोला यात रस नाही, माझ्यामागे तिने कोणाकडे जायचं?

इथे वही उघडा. सल्लागार नको म्हणणारा माणूस आता सल्लागाराचं वर्णन सांगतो आहे. त्याला हवा आहे असा कोणी, जो आधीची साधी मांडणी मोडणार नाही, नवीन काही विकणार नाही, आणि तासांचे किंवा कामाचे पैसे घेईल. या परिषदांतले ओळखीचे वक्ते रिक फेरी यांची वाटचाल बघा. मालमत्तेवर टक्केवारी घेणारी, तीही कमी दराची, कंपनी त्यांनी चालवली. पुढे ते तासाच्या फीवर आले. त्यांना कुठल्या प्रकारचे क्लायंट सोडावे लागले आणि कुठले नव्याने आले, असले धंद्याचे प्रश्न अशा माणसांना जरूर विचारा. फंडांची यादी मागू नका.

ऐकलेलं चाळून घ्या. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमेच्या चार टक्के आणि पुढे दरसाल तीच रक्कम महागाईनुसार वाढवत काढण्याचा विल्यम बेंगेन यांचा १९९४ चा ठोकताळा अमेरिकेतल्या शेअर, रोखे आणि महागाईच्या इतिहासावर बेतलेला आहे. तो उचलून साताऱ्याच्या पेन्शनराला लावू नका. फोर-झिरो-वन-के, रॉथ वगैरे तिकडची निवृत्तीची खातीही इथल्या क्लायंटला निरुपयोगी. पण तुमच्या क्लायंटची मुलं न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असतील, आणि अलीकडे कोणाची नसतात, तर हाच भाग सोन्याचा. अमेरिकेचे करदाते झालेल्या मुलांच्या नावावर इथे फंड घेतले तर तिकडे पीएफआयसीचे किचकट आणि महागडे कर-नियम लागतात. उलट इथे राहणाऱ्याने अमेरिकेतले ईटीएफ थेट घेतले असतील, तर त्याच्या मृत्यूनंतर ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर तिकडचा इस्टेट टॅक्स लागू शकतो. असे दोन खड्डे वेळेवर दाखवलेत तरी तिकिटाचे पैसे वसूल.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत पाच घरांपासून सुरुवात करा. सगळ्यांना एकदम नको, उत्पन्न आधी घटतं आणि ते सोसायला उसंत लागते. या पाच घरांना एका पानाचं पत्र द्या. यंदा माझ्यापायी तुमचे इतके रुपये गेले, त्यात मी हे हे केलं, पुढच्या वर्षी फी अशी असेल. आपल्याकडे डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत, म्हणजे कमिशनविना स्वस्त मांडणी करायला अडचण मालाची नाही. मात्र नियम पाळा. सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी नसेल तर सल्ल्याची फी घेता येत नाही, वितरकाच्या नुसत्या एआरएन नोंदणीवर ते चालत नाही. नोंदणी असेल तर एकाच क्लायंटकडून फी आणि त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन, असं दोन्ही नाही. ठरावीक फीची सध्याची कमाल मर्यादा एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजार रुपये आहे. फी-तक्ता छापताना हे सगळं त्यातच लिहून टाका. क्लायंट विचारेल तेव्हा सांगू, असं म्हणू नका. तो विचारत नाही, पेन्सिलीने गोल करतो.

अमेरिकेचा खर्च झेपत नसेल तर मायामीचीच नक्कल करा. घरच्या दिवाणखान्यात विसेक खुर्च्या मांडा. स्वतःच गुंतवणूक करणाऱ्यांना बोलवा, शिक्षक, बँकेतले निवृत्त, कोणी सीए. नवरा-बायको दोघांनी यायचं, ही एकच अट. फंड कंपनीचा चहा नको, चहा आपला. पहिला तास तुम्ही काहीच बोलायचं नाही, फक्त लोकांचे प्रश्न फळ्यावर लिहायचे. फंडांबद्दलचे प्रश्न डावीकडे, बाकीचे उजवीकडे. उजवी बाजू भरायला लागली की फळ्याचा फोटो काढून ठेवा, पत्राचा मजकूर तिथूनच घ्यायचा आहे.