सही जतला येऊन करायची

सांगलीहून नाहीतर कोल्हापूरहून एखाद्या दुपारी फोन येतो. मुलगी गोड बोलते, तुझं नाव घेते आणि सांगते, "सर, लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागलाय." कधीतरी पेट्रोल पंपावर किंवा कृषी प्रदर्शनात तू कूपन भरलेलं असतंस, तेच हे. गोव्याच्या दोन रात्री फुकट. फक्त अमक्या हॉटेलात तासभर टाइमशेअरची, म्हणजे आगाऊ पैसे भरून दरवर्षी ठरावीक रात्री फिरायला जायच्या सभासदत्वाची, माहिती ऐकायची आणि नवरा-बायको दोघांनी यायचं.

दोघंच का, ते आधी समजून घे. एकटा गेलास तर "घरी विचारून सांगतो" म्हणायची वाट मोकळी असते. जोडीनं गेलात की ती बंद. येताना क्रेडिट कार्ड आणा म्हणतात, ते कपाटात राहू दे. बक्षीस घ्यायला कार्ड कशाला लागतं रे?

जाऊ नको असं मी म्हणत नाही. बघायला काय हरकत आहे, नाश्ताही बरा असतो. पण निघतानाच गाडीत दोघांनी ठरवून घ्या: आज सही नाही, आज पैसे नाहीत, विसार म्हणून पाच हजारसुद्धा नाहीत. सांगलीहून जतला परत यायला दोनेक तास लागतात ना, तेवढ्या रस्त्यात निम्मा मोह उतरतो. त्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून सगळा खटाटोप तुम्ही खुर्चीतून उठायच्या आत सही घ्यायचा असतो.

आत गेल्यावर तासाचे तीन तास होतात. गाणी मोठ्यानं लावलेली, मध्येच कुठल्यातरी टेबलावर टाळ्या, "अभिनंदन, पाटील फॅमिली!" टाळ्या वाजल्या म्हणून आपल्याला घाई करायचं कारण नाही. समोर बसलेला पोरगा मुलांची नावं विचारतो, मग म्हणतो, "वर्षातून एकदा बायको-पोरांना फिरवायला नको का?" याला तू हो म्हणणारच. अशी पाच-सहा 'हो' झाली की शेवटी 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. पोरावर राग धरू नको, त्याचं पोट कमिशनवर असतं. पण त्याच्या पोटासाठी तू पंचवीस वर्षांचा करार करायचा नाही.

नाही म्हटलंस की मॅनेजर येतो. चार लाखांचे साडेतीन होतात, साडेतीनाचे तीन, "पण फक्त आज." आज तीनला परवडतं ते सोमवारी का परवडत नाही, एवढंच विचार. आपल्या यल्लमाच्या जत्रेत खिलार बैल घेताना व्यापारी दात बघू देतो, चालवून बघू देतो, आणि दुसऱ्या दिवशी गेलास तरी बैल तिथंच असतो. इथं करारनाम्याची कोरी प्रत घरी मागून बघ. देत नसतील तर उठायचं. कारणं सांगत बसू नको. पैसे नाहीत म्हटलंस की हप्ते काढतात, वेळ नाही म्हटलंस की कुपनं काढतात. "आम्हाला घ्यायचं नाही" या वाक्यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं.

हिशेब मात्र करून जा. समज, चार लाख भरून पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री. ते भागाकार करून दाखवतात: रात्रीला तेवीसशेसुद्धा नाही! त्यात वार्षिक देखभाल शुल्क धरलेलं नसतं. ते अठरा हजार धर. तू गेलास काय नि न गेलास काय, भरावंच लागतं, दरसाल वाढतं, वर जीएसटी. आता तेच चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला अठ्ठावीस हजार. अठ्ठावीस नि अठरा, सेहेचाळीस हजार. म्हणजे रात्रीला साडेसहा हजार पडले आणि जेवण वेगळं. एवढ्यात महाबळेश्वरला चांगली खोली मिळते, आणि मुद्दल तुझ्याच नावावर.

सूनबाई, ही गोष्ट तुम्हीच याच्या कानावर घाला. या योजनांत वर्षाचे रंग पाडलेले असतात. मे महिना, दिवाळी, नाताळ यांचा रंग सगळ्यांत महाग. आपल्याकडं द्राक्षबाग आहे. एप्रिलला खरड छाटणी, मेमध्ये फुटवे काढायचे, ऑक्टोबरला फळछाटणी, म्हणजे दिवाळीत घरातला माणूस फवारणीच्या पंपामागं. फेब्रुवारी-मार्चला माल आणि बेदाण्याचं शेड. आपण मोकळे होणार आषाढ-श्रावणात, तेव्हा हॉटेलं स्वतःच दर उतरवून गिऱ्हाईक बोलावतात. महागडा रंग घेऊन त्या तारखांना जाणार कोण? आणि ज्या तारखा तुम्हाला हव्या, त्या बाकीच्या सभासदांनाही हव्याच असतात. खोली मिळेल असं तोंडी सांगतात, करारात "उपलब्धतेनुसार" लिहितात.

हा धंदा काही खोटाच असतो असं नाही. 1960च्या दशकात फ्रान्समध्ये बर्फाच्या डोंगरावर याची सुरुवात झाली, आपल्या देशात 1986 साली स्टर्लिंग ही कंपनी आली, 1996 साली महिंद्रा. दरवर्षी ठरवून फिरणारे नोकरदार यात समाधानी असलेले मी पाहिलेत. पण "खोली वापरू नका, मुदत संपल्यावर व्याजासकट पैसे घ्या" असं कुणी म्हणालं की मात्र चप्पल घाल. ते फिरणं नव्हे, ती भिशी. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या मुंबईच्या कंपनीच्या हॉलिडे प्लॅनला सेबीनं 2015 साली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवलं आणि लोकांचे पैसे परत करायचा आदेश दिला. आदेश निघाला म्हणून पैसे लगेच हातात पडतात, असं कुणी समजू नये.

समजा कुणी सही करूनच आलं. मग दोष देत बसू नका, त्याच रात्री करार काढून वाचा. युरोपात चौदा दिवस विनाकारण माघार घेता येते, आणि तेवढ्या दिवसांत कंपनीला आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडं टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, पण बऱ्याच करारांत रद्द करायची काही दिवसांची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत ईमेल करायचा आणि पोचपावती मिळेल अशा स्पीड पोस्टानं पत्रही धाडायचं, नुसता फोन करून उपयोग नाही. हप्ते फायनान्स कंपनीचे असतील तर तिलाही वेगळं कळवायचं. सभासदत्व रद्द झालं तरी कर्ज आपोआप रद्द होत नाही.

करारात "वाद फक्त अमक्या शहरातल्या कोर्टात" असं छापलेलं दिसेल. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीच्या ग्राहक आयोगात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दोन वर्षांच्या आत जायचं. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवायचा. पावत्या, कूपन, व्हॉट्सअॅपवरची आश्वासनं, काही पुसायचं नाही. विकणारा पोरगा जे जे कबूल करत होता, ते त्याच्याकडून मेसेजवर मागून घेतलेलं असलं तर सोन्याहून पिवळं.

आणि एक राहिलंच. घेऊन पस्तावलेल्या माणसाला दोन-चार वर्षांनी दुसराच फोन येतो: "तुमचं सभासदत्व विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणीचे पंधरा हजार भरा." जुन्या सभासदांच्या याद्या फिरत असतात. त्याला म्हणायचं, गिऱ्हाईकाच्या पैशातून तुझे पंधरा हजार कापून घे आणि बाकीचे मला दे. बहुतेक फोन तिथंच कट होतो.